डाव्या स्पीकरची तार

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ऑफिसातल्या कुणाला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. तुम्ही दाजींना ओळखत नाही, तेवढ्याच भरवशावर सांगतो आहे.

लातूरमध्ये एक माणूस आपले कान गेले, असं समजून जगतो आहे. त्याचे कान गेलेले नाहीत. तसा त्याचा समज झाला आहे.

समज झाला आहे — बघा, मी कसं लिहिलं ते. बातमीतून कर्ता काढून टाकायची ही सवय मला नोकरीने लावली. समज झाला नाही. करून दिला गेला. पुन्हा तेच. मी करून दिला.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. लातूरला त्यांचं अडत दुकान आहे, तूर आणि सोयाबीनचं. पण गल्लीत त्यांची ओळख दुकानामुळे नाही. दर सोमवारी मठात भजन होतं, तिथे पेटी त्यांच्याकडे असे. पहिली ओळ ते उचलत, मग बाकीचे. कुणाचा सूर जरा हलला तर ते मान वर करून बघत, आणि तो माणूस जागेवर येई. बोलावं लागत नसे.

मी नांदेडला एका दैनिकात उपसंपादक आहे. रविवारच्या पुरवणीत घरगुती उपकरणांवर वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतो. त्यामुळे नात्यात कुणालाही मोबाइल, इन्व्हर्टर, टीव्ही घ्यायचा असला की फोन मला येतो. "आमचा मेव्हणा पेपरात हाय, त्याला विचारू," असं दाजी लोकांना सांगत. मला ते आवडत असे. हेही नोंदवतो.

त्यांच्याकडे जुना ॲम्प्लिफायर होता आणि लाकडी पेट्यांचे दोन मोठे स्पीकर. कॅसेटचं मशीन बंद पडलं होतं. इंटरनेटवरचं गाणं या स्पीकरवर ऐकायचं, तर काय घ्यावं? मी अभ्यास केला. नवा सगळा संच नको, फक्त स्ट्रीमर घ्या म्हणालो — इंटरनेटवरून गाणं घेऊन ॲम्प्लिफायरला देणारा एक छोटा डबा. जुन्या ॲम्प्लिफायरला ऑप्टिकल जोडणी नव्हती, म्हणून जो डिजिटलचं साध्या आवाजात रूपांतर आतच चांगलं करतो आणि ज्याच्या मागे लाल-पांढरी साधी जोडणी आहे, असा निवडला. राउटर वरच्या मजल्यावर आणि भिंती जाड, म्हणून वायफायच्या भरवशावर न राहता केबल ओढून घेतली. निवड अचूक होती. हे सांगायचा मोह अजूनही आवरत नाही.

राहिली स्पीकरची तार. जुनी उंदरांनी कुरतडली होती. कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून दुपदरी तार आणली. दोन्ही पदर एकाच रंगाचे, एकावर फक्त बारीक रेघ. उजवा स्पीकर मोकळ्यावर होता. डावा शोकेसच्या मागे. मोबाइलचा टॉर्च दातांत धरून, हात मागे घालून मी तार जोडली. रेघ बघितली का? बघितली असं तेव्हा वाटलं होतं.

गाणं सुरू झालं. अक्का स्वयंपाकघरात होती, मी दाराशी उभा होतो. आम्हाला छान वाटलं. दाजी दोन्ही स्पीकरच्या बरोबर मध्ये खुर्ची ठेवून, डोळे मिटून बसले होते. त्या घरात नीट ऐकणारे ते एकटेच. थोड्या वेळाने म्हणाले, "आवाज मधून येईना बघ. गाणारा भिंतीत जाऊन बसल्यावानी वाटून राहिला."

मी काय करायला हवं होतं? शोकेस सरकवून तार बघायला हवी होती. मी म्हणालो, डिजिटलचा आवाज असाच असतो, तुमच्या कानाला कॅसेटची सवय आहे. तेवढ्यात आतून अक्का बोलली, "मी हाक मारलेली तरी कुठं ऐकू येती ह्यांना? लग्न झाल्यापासून हेच हाय." सगळे हसलो. दाजीही हसले. मग मी म्हणालो — हे वाक्य मला शब्दशः आठवतं — "अक्का, दाजींचे कान एकदा दाखवून आण."

चेष्टेत म्हणालो. पण पेपरातल्या मेव्हण्याची चेष्टा त्या घरात सल्ला ठरते, हे मला माहीत नव्हतं का?

ते कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम आहे. दाजींना पटलं नाही. अक्काने फोनवर सांगितलं की ते म्हणतात, मशीनीतली शिट्टी ऐकू येणं येगळं, गाणं ऐकू येणं येगळं. मठात आता ते सूर बरोबर आहे का, असं शेजारच्यांना विचारून पहिली ओळ उचलतात, असंही ती म्हणाली. मी "हं" म्हणालो.

तोवर मला खरंच ठाऊक नव्हतं. ते कळलं माझ्याच टेबलावर. इस्लापूरच्या एका वाचकाचा प्रश्न आला होता: नवी जोडणी केल्यापासून गाणाऱ्याचा आवाज मधोमध येत नाही, खर्ज पातळ झाला आहे. मी उत्तर टाइप केलं. एका स्पीकरची तार उलटी लागली असावी. त्यामुळे एका स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो आणि मधला आवाज विरून जातो. दोन पदरांची अदलाबदल करा, नवीन काही विकत घेऊ नका. — तिथेच बोटं थांबली. शोकेस, टॉर्च, ती रेघ.

उत्तर रविवारी छापून आलं. अनोळखी माणसाला मी दोन मिनिटांत मोकळं केलं. नांदेडची आवृत्ती लातूरला जात नाही.

एक फोन पुरला असता. पण फोनवर तारेपुरतं बोलून भागलं नसतं. माझ्या एका वाक्यावर तुम्ही डॉक्टरांकडे गेलात, मठात इतरांची तोंडं बघू लागलात — तेही बोलावं लागलं असतं. जितके सोमवार जात होते, तितकं ते जड होत होतं. मी सोमवार जाऊ दिले.

मग चाकूरला एका बातमीसाठी जाणं झालं. तिथून लातूर जवळ. दुपारी दाजी दुकानात होते, अक्का आडवी झाली होती. मी शोकेस हळूच सरकवलं. तार उलटीच होती. पदर बदलले, शोकेस जागेवर लावलं, हात धुतले. वाटलं, आता ते ऐकतील, खूश होतील, आणि सगळं न बोलता मिटेल.

संध्याकाळी मीच गाणं लावलं. दाजी खुर्चीत बसले. पहिल्याच आलापाला ताठ झाले, डोळे उघडले, दोन्ही स्पीकरच्या मधल्या मोकळ्या जागेकडे बघत राहिले. मग उठून त्यांनी स्वतः बंद केलं.

"आज मधून आला," ते म्हणाले. "म्हणजे कधी येतंय, कधी न्हाई. असल्या कानाचा काय भरवसा?"

अक्का म्हणाली, बरं झालं की मग. मी समोर होतो. माझ्या बोटांना शोकेसच्या मागची धूळ अजून लागल्यासारखी वाटत होती, आणि मी चहाचा कप उचलला.

पुढच्या सोमवारी त्यांनी पेटी दुसऱ्याला दिली. तोवर शंका होती, तरी पेटी त्यांच्याकडे होती. ती मी लपून केलेल्या दुरुस्तीने गेली.

गेल्या महिन्यात लातूरला होतो, तेव्हा त्यांच्याबरोबर मठात गेलो. ते मागच्या रांगेत, भिंतीला टेकून बसतात. मी शेजारी बसलो. पेटीवर आता एक तरुण शिक्षक असतो, मनापासून गातो. तिसऱ्या भजनात वरच्या ओळीला त्याचा आवाज पेटीपासून सुटला. फार नाही, पण सुटला. दाजींची मान वर आली. लगेच खाली गेली. ते माझ्याकडे झुकले आणि त्यांनी अगदी हळू विचारलं, "उतरला का रे सूर? का मलाच वाटून राहिलं?"

सूर उतरला होता. मलासुद्धा कळलं होतं.

"न्हाई दाजी," मी म्हणालो, "बरोबर हाय."

"हाव," ते म्हणाले, आणि बाकीच्यांबरोबर टाळी धरू लागले.