दसऱ्याला पुजलेलं पिस्तूल

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी मंडळाचं कपाट उघडलं, तर मॅच पिस्तुलाच्या नळीत उदबत्तीची काडी खोचलेली होती. जळून संपलेली. राख नळीत उतरलेली. पिस्तुलाला झेंडूची माळ, लाकडी मुठीवर हळदीकुंकवाची बोटं. ट्रिगरला बोट लावलं तर ते चिकटलं. वास घेतला. नारळाचं पाणी.

आणि उद्या सकाळी पुण्यात नेमबाजीची निवड चाचणी होती.

मी फौजेच्या वर्कशॉपमध्ये आर्मोरर होतो. आर्मोरर म्हणजे हत्यारांचा फिटर. लढाई त्याला कमीच दिसते, स्क्रू फार दिसतात. हवालदार म्हणून रिटायर होऊन वरव्याला परत आलो. गावानं मला परस्पर मेजर करून टाकलं. सुरुवातीला मी सांगायचो, अहो, मेजर वेगळा. मग कंटाळून सोडून दिलं. बढती कोणाला नको असते?

मोबाईल तेव्हा नुकते आले होते. वरव्यात एक होता, तो अण्णांकडे. अण्णा आमच्या क्रीडा मंडळाचे अध्यक्ष. त्यांची एक पोल्ट्रीची शेड रिकामी पडली होती. तीत आम्ही दहा मीटरची एअर पिस्तूल रेंज केली. कोंबड्या गेल्या होत्या, वास राहिला होता. नवा मुलगा पहिल्या दिवशी श्वास रोखून नेम धरायचा. मला वाटायचं, काय उपजत गुण आहे.

अण्णांचं आणि माझं वाजलं ते पिस्तूल घेताना. त्यांनी मला मीटिंगला बोलावून विचारलं, "मेजर, कुठलं पिस्तूल घ्यायचं?"

मी म्हणालो, "एकच घ्या. जुनं चालेल, पण मॅचचं, स्पर्धेचं घ्या."

मॅच पिस्तूल दिसायला अगदीच बेंगरूळ असतं. लाकडाची गाठाळ मूठ, लांब नळी, बाजूला लिव्हर. लिव्हर ओढून हवा दाबायची, एक छर्रा घालायचा, एका हातानं मारायचा. मधलं दहाचं वर्तुळ शर्टाच्या बटणाएवढं. मूठ ज्याच्या त्याच्या तळव्याच्या मापानं कानशीनं घासून, पुट्टी भरून बसवावी लागते. चपलेसारखंच आहे. दुसऱ्याच्या मापाची कितीही भारी असली तरी चावणार.

अण्णा म्हणाले, "एका पिस्तुलानं मंडळाची काय शोभा?"

"शोभेचं कशाला? निशाण्याला लागलं पाहिजे."

"लागंल की. नेम पोरांचा, पिस्तुलाचा न्हाई."

त्यांनी मॅच पिस्तूल घेतलं, माझ्या कटकटीला कंटाळून. आणि सोबत सहा काळीभोर, चकचकीत, स्प्रिंगची पिस्तुलं घेतली. फौजदाराच्या कमरेला शोभावीत अशी. स्प्रिंगचं पिस्तूल सुटताना मासा हातातून निसटावा तसं उसळतं. दहा मीटरवर त्याचा छर्रा कागदाला लागला तरी मी मनात नारळ वाढवायचो. उद्घाटनाला अण्णांनी त्यातलंच एक दोन्ही हातांत धरून, एक डोळा मिटून बार काढला. त्याचा हा मोठा फोटो काचेच्या फ्रेममध्ये शेडच्या भिंतीवर लागला. छर्रा पत्र्यातून बाहेर गेला होता. फोटोत ते दिसत नाही.

मग छर्ऱ्यांवरून वाद.

"भिंतीखाली पाटीभर छर्रे पडल्यात," अण्णा म्हणाले. "ते परत का वापरत न्हाई?"

"चेपलेत, अण्णा."

"मग वितळवू. भाटघरच्या धरणावर कोळ्यांच्या जाळ्याची शिशाची वजनं पाडणारा एक हाय माझ्या वळखीचा. आन् फौजेत तर काडतुसं परत भरत्यात म्हणं."

काडतुसाला पितळेचं कवच असतं. ते पुन्हा भरता येतं, पण ते काम परवाना, यंत्र आणि अक्कल असलेल्याचं. तिन्हीपैकी एक जरी कमी पडलं तरी बोटं जातात. आमच्या छर्ऱ्याला कवच नाही, दारू नाही. तो शिशाचा मणी. पण केसभर जरी वाकडा असला तरी दहाचा आठ करतो. हे मी समजावून सांगितलं. अण्णा म्हणाले, "तुमाला खर्च करायची लई हौस."

तरी छर्रे मी निवडून आणले. त्यांचं डोकं सपाट लागतं, म्हणजे कागदाला पंचिंग मशीनसारखं स्वच्छ भोक पडतं. टोकदार छर्रा कागद फाडतो, मग गुणांवरून भांडण. शिवाय सपाटांतही फरक असतो. एका साच्यातून एका वेळी निघालेले छर्रे म्हणजे एक लॉट. मी पिस्तूल शिकंज्यात आवळलं आणि प्रत्येक लॉटचे छर्रे मारून बघितले. एका लॉटची सगळी भोकं एकमेकांवर बसली. त्या डब्याला लाल दोरा बांधला आणि सांगितलं, हा स्पर्धेशिवाय उघडायचा नाही.

हे सगळं रेश्मासाठी. रेश्मा भोरची, कॉलेजात शिकणारी. तिचे वडील रफीकभाई टेम्पो चालवायचे. मॅच पिस्तुलाची मूठ मी तिच्या तळव्यावर बसवली होती. तिचा हात धरला की खांबासारखा स्थिर राहायचा. माझा चहाचा कप धरतानाही थरथरतो, म्हणून मी प्रशिक्षक.

रफीकभाई एकदा शेडच्या दारात उभे राहून मला म्हणाले होते, "मेजर, मला ह्यातलं काय कळत न्हाई. पोरगी रोज एस्टीनं एकटी येती जाती. लोक बोलत्यात. यंदा निवड झाली, तर मी लोकान्ला गप करतो. न्हाई झाली, तर हितंच थांबवायचं. तिलाबी सांगितलंय."

रेश्मा मागेच उभी होती. तिनं आत जाऊन लिव्हर ओढली.

तर दसऱ्याला मी सासुरवाडीला, भोंगवलीला गेलो होतो. जाताना अण्णांनी किल्ली मागितली. शस्त्रपूजा करायचीय म्हणाले. मी दिली. फौजेत आम्हीही खंडेनवमीला पूजा करायचो. हत्यारं सतरंजीवर ठेवायची, बंदुकीच्या दस्त्याच्या तळाला एक टिळा, समोर फूल, आणि आरती झाली की लगेच सफाई. मला वाटलं, फार तर कपाटाला टिळा लावतील. पुरणपोळी डोळ्यांसमोर असली की माणूस भलतंच चांगलं वाटून घेतो.

मी अण्णांना बोलावून घेतलं. ते मंडळाच्याच ओट्यावर होते.

"अण्णा, हे काय?"

"का? यथासांग झाली. भटजी आणला व्हता."

"नळीत उदबत्ती?"

"मग खोचायची कुठं? नेमकं भोक व्हतं."

"आणि छर्रे?"

छर्रे पितळेच्या तबकात होते. सगळे डबे ओतून एकच रास केली होती. लाल दोऱ्याचे, सरावाचे, टोकदार, आणि वर अक्षता. लाल दोरा तबकाच्या कडेला गुंडाळून ठेवला होता. तो त्यांना पूजेतला वाटला होता.

"डब्यात काय शोभा येती का? रास कशी भरल्याली दिसली," अण्णा म्हणाले. "आन् मेजर, देवाच्या कामाला नाव ठेवू नगा."

माझी कानशिलं तापली. मी म्हणालो, "देवाला मी काही बोलत नाही. त्यानं उदबत्ती नळीत मागितली नव्हती."

तेवढ्यात रेश्मा आणि रफीकभाई आले. शेवटच्या सरावासाठी. रफीकभाईंनी माळ पाहिली आणि कपाळाला हात लावला. "अरे देवा. सारोळ्यातनं झेंडूचा टेम्पो मीच भरून आणला की."

रेश्मानं तबकात बोट फिरवलं. तिचं तोंड उतरलं. "सर, उद्या कुठले मारू?"

तिनं एवढंच विचारलं. अण्णांनी पहिल्यांदा मान खाली घातली. माझा राग मात्र उतरला नाही. उलट वाढला. वर्षभर एसटीचे धक्के खाल्लेल्या पोरीनं निवडीच्या आदल्या दिवशी असलं विचारावं, आणि कशापायी, तर रास भरलेली दिसावी म्हणून.

आधी पिस्तूल खोललं. नळीतून राख काढली. ट्रिगरचा एकेक सांधा धुतला, पुसला, तेलाचा थेंब दिला. घाईत एक स्क्रू उडाला. अख्खी नोकरी आर्मोररची केलेला मी, कोंबड्यांच्या जुन्या भुशात रांगत होतो. स्क्रू रफीकभाईंच्या विजारीच्या घडीत सापडला. मूठ ओलीनं थोडी फुगली होती, ती घासून पुन्हा रेश्माच्या हातावर बसवली. हळद काही गेली नाही.

छर्ऱ्यांचं काय? टोकदार नजरेनं निवडता आले, तांदूळही. पण सरावाचा सपाट आणि लाल दोऱ्याचा सपाट दिसायला जुळे भाऊ. मायक्रोमीटरनं मोजायला गेलो तर शिसं मऊ, मोजता मोजता दबायचं. माझ्याच हातानं चार-पाच बिघडवले तेव्हा थांबलो.

मग जुनी युक्ती आठवली. छर्रा डमरूसारखा असतो, एका बाजूला जरा रुंद. तिरप्या काचेवर आडवा सोडला की सरळ घरंगळत नाही, वळतो. एका मापाचे सगळे सारखे वळतात, दुसऱ्या मापाचे वेगळीकडे जातात. फक्त काच मोठी आणि सपाट हवी.

मी भिंतीवर बघितलं. अण्णांनीही माझ्या नजरेच्या रोखानं बघितलं.

"मेजर, तो फोटो हाय."

"हो. काच चांगली आहे."

फ्रेम उतरवली, विटेवर एक कड टेकवली. रेश्माच्या पिशवीत सरावाचे दोन छर्रे राहिले होते, ते सोडून कुठे वळतात ते आधी बघून घेतलं. रेश्मा वरून एकेक छर्रा सोडायची. तो अण्णांच्या मिटलेल्या डोळ्यावरून, मिशीवरून, दोन्ही हातांनी धरलेल्या पिस्तुलावरून वळत खाली यायचा. लाल दोऱ्याचे अण्णांच्या डाव्या बुटाशी, सरावाचे उजव्या. मधोमध आलेले बाद. अण्णा थोडा वेळ रागानं बघत होते. मग म्हणाले, "ह्यो बुटावर आलाय, ह्यो धरा," आणि मांडी घालून वेचायलाच बसले. ऊन उतरायच्या आत स्पर्धेपुरते छर्रे निघाले. रफीकभाईंनी ते रुमालात बांधले.

सकाळी पुण्यात पंचांनी ट्रिगरला अर्ध्या किलोचं वजन टांगलं. तेवढं पेललं नाही आणि पिस्तूल सुटलं, तर ते बाद. तीन संधी देतात, एकदा पेललं तरी चालतं. पहिल्यांदा सुटलं. दुसऱ्यांदाही सुटलं. तिसऱ्यांदा वजन लोंबत राहिलं. मी श्वास सोडला, तर पंचांनी मुठीकडे बघून विचारलं, "हा पिवळा डाग कसला?"

"दसरा होता, साहेब."

त्यांनी शिक्का मारला.

रेश्माचा पाचवा छर्रा सातला गेला. सात म्हणजे निवडीतून जवळजवळ बाहेर. काचेवर आमच्याकडून एखादा सरावाचा निसटला असणार, किंवा ट्रिगर अडला असेल. मागे खुर्चीत बसून मला काही करता येत नव्हतं. मी मनातल्या मनात अण्णांना जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. रेश्मानं पिस्तूल खाली ठेवलं, रुमाल उघडला, एक छर्रा उचलून उजेडात धरला, टाकून दिला. दुसरा घेतला. पुढे सगळा वेळ तसंच. एक बघायची, टाकायची किंवा घालायची. इतर मुली संपवून निघाल्या तरी ती उभीच. वेळ संपत आली तेव्हा शेवटचा छर्रा सुटला.

यादी लागली. शेवटचं नाव तिचं होतं. रफीकभाई यादीसमोरून हलेनात. मागच्यांना सांगत होते, "जरा थांबा की, वाचतोय." एकच नाव वाचत होते.

मंडळात सत्कार झाला. अण्णा माईकवर म्हणाले, "ह्या यशामागं आपली शस्त्रपूजा हाय. विधी यथासांग केला की फळ मिळतं." टाळ्या पडल्या. रेश्मा माझ्याकडे बघत होती. मी हाराचा झेंडू तोडत बसलो. उठून बोलावं असं फार वाटलं. पण मागे भिंतीवर त्यांचा फोटो बिनकाचेचा लागला होता, आणि त्याच्यावर कोणीतरी मिशीला टेकून एक छर्रा चिकटवला होता. कोणी ते मी विचारलं नाही.

पुढच्या दसऱ्याला अण्णा किल्ली मागायला आले. मी दिली नाही. म्हणालो, मी स्वतः मांडतो. लाल कापड अंथरलं आणि त्यावर सहाही काळी, चकचकीत पिस्तुलं ओळीनं मांडली. सहा नळ्या, सहा उदबत्त्या. धूर सरळ वर गेला. अण्णा खूश. मॅच पिस्तूल तेव्हा शेडच्या दुसऱ्या टोकाला रेश्माच्या हातात होतं.

पिस्तूल घेताना शोभेचं काय आणि कामाचं काय हे आधी ठरवावं, असं मी आता नव्या मंडळांना सांगतो. शक्य असेल तर दोन्ही घ्यावीत. दसऱ्याला उपयोगी पडतात.