आमचे मामा आणि बिनकुलपाचा गेम

मामा काही माझे सख्खे मामा नव्हेत. आम्ही दोघे एकाच मालवाहू जहाजावर होतो. ते आचारी, मी इलेक्ट्रिशियन. हाताला चव, तोंड फटकळ आणि वयाने सगळ्यांत वडील असा माणूस जहाजावर असला की तो आपोआप सगळ्यांचा मामा होतो. कप्तानसुद्धा त्यांना मामाच म्हणायचे, फक्त आधी जरा घसा खाकरून.

मामांना व्हिडिओ गेमचं वेड होतं. पिकलेल्या मिशा, कमरेला पिठाचा एप्रन आणि हातात गेमचा कंट्रोलर, हे दृश्य नव्या माणसाच्या पचनी पडायला वेळ लागायचा. गोळ्या झाडायचे गेम त्यांना आवडत नसत. भांडायला मुकादम आहे की, असं ते म्हणायचे. मुकादम म्हणजे आमच्या खलाशांचा म्होरक्या, जहाजावरचा सगळ्यांत मोठ्या आवाजाचा माणूस. मामांना हवे असत गोष्टीचे गेम. कुणीतरी घरून निघतं, वाटेत चार माणसं भेटतात, आणि पुढे काय झालं ते स्वतः खेळल्याशिवाय कळत नाही, असे.

आमची जेवायची खोली स्वयंपाकघराला लागूनच होती. टेबलं जमिनीला ठोकलेली, भिंतीवर एक पडदा आणि कोपऱ्यात पट्ट्याने आवळून बांधलेला एक कॉम्प्युटर. संध्याकाळची भांडी आवरली की मामा तिथे बसत. हळूहळू त्यांच्यामागे आम्हीही बसायला लागलो. खेळायचे ते एकटेच, पण सल्ले द्यायला सगळं जहाज.

एका सफरीला निघताना मामांनी बंदरावर एक नवाकोरा गेम विकत घेतला होता. त्यात एक बाई हरवलेल्या बहिणीला शोधत बर्फातून चाललेली असते. आम्ही त्या बाईत इतके गुंतलो की जेवताना दुसरा विषयच नसे. एका संध्याकाळी ती बाई एका ओसाड रेल्वे स्टेशनवर पोचली. बाकावर कुणीतरी पाठमोरं बसलं होतं. मामांनी तिला दोन पावलं पुढे नेलं आणि पडदा काळा झाला. त्यावर अक्षरं आली, की परवाना तपासायचा आहे, इंटरनेट जोडा.

भर समुद्रात इंटरनेट कुठून आणायचं? कप्तानांच्या खोलीत उपग्रहावरून चालणारं कनेक्शन होतं, पण ते हवामानासाठी आणि चार ओळींच्या पत्रांसाठी. कंपन्या या तपासणीला डीआरएम म्हणतात. आम्ही त्याला कुलूप म्हणायला लागलो. गेम रीतसर विकत घेतलेला, तरी अधूनमधून तो कंपनीच्या दारात जाऊन विचारणार, मी उघडू का म्हणून. त्या दिवशी मामांनी कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तो इथे लिहिण्यासारखा नाही.

पण बाकावर कोण बसलंय, हा प्रश्न काही कुणाच्या डोक्यातून जाईना. शेवटी मुकादमच म्हणाला की कंपनी सांगत नाही ना, मग आपणच सांगू. त्या दिवसापासून रोज जेवणानंतर एकाने उभं राहून पुढची गोष्ट सांगायची असं ठरलं. मुकादमाच्या गोष्टीत बाकावर बहीणच होती आणि स्टेशनमास्तरशी तिचं लग्न ठरलेलं होतं. त्याच्या सगळ्याच गोष्टींचा शेवट लग्नात व्हायचा. मी सांगितलं की बाकावर नुसता कोट टांगलाय. त्यावर मला खाली बसवण्यात आलं. कप्तान कधी जेवणानंतर थांबत नसत, पण एके दिवशी तेही उभे राहिले, आणि त्यांनी अशी काही गोष्ट सांगितली की मामांनी एप्रनने डोळे पुसले आणि कांद्याचं निमित्त सांगितलं. कांदा त्या दिवशी चिरलाच नव्हता.

पुढच्या बंदरावर इंटरनेट मिळालं, कुलूप उघडलं. बाकावर एक भलतीच बाई गाडीची वाट पाहत होती. कप्तानांची गोष्ट बरी होती, यावर एकमत झालं.

मामा सुट्टीवर घरी गेले तेव्हा त्यांनी हा सगळा किस्सा लेकीला रंगवून सांगितला. या लेकीचीही एक गंमत होती. बापाच्या मांडीवर बसून गेम बघत बघत ती मोठी झाली, चित्रकला शिकली, आणि आता एका छोट्या गेम कंपनीत चित्रं काढत होती. कंपनी म्हणजे लाँड्रीच्या वरची एक लांबट खोली. खालून इस्त्रीची वाफ वर येई आणि खिडक्यांच्या काचा घामेजत. मामा एकदा डबा द्यायला गेले आणि दोन तास तिथेच रमले. नवा गेम एका उंच इमारतीतल्या लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाचा होता. मजल्यामजल्यावर एकेक घर, एकेक भानगड. चौथ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात सगळ्या भांड्यांचे दांडे आत वळवलेले होते, जहाजावर वळवतात तसे. मामांनी लेकीकडे पाहिलं. ती मान खाली घालून रंग भरत होती.

पुढची हकीकत मला मामांनी आणि मामींनी वेगवेगळी सांगितली. दोघांच्या सांगण्यात जिथे मेळ बसतो तेवढंच लिहितो.

गेम विकायला काढायची वेळ आली आणि कंपनीत वाद पेटला, कुलूप घालायचं की नाही. कंपनी चालवणारी बाई, तिला सगळे ताई म्हणत, ती कात्रीत सापडली होती. तिच्याकडचा प्रोग्रॅमर कुलपाच्या बाजूचा होता. त्याचं म्हणणं, गेमची खरी विक्री पहिल्या काही आठवड्यांत होते. कुलूप पुढे कधीतरी तुटतंच, पण तेवढे आठवडे तरी टिकतं. नंतर हवं तर आपणच काढून टाकू. मामांची लेक बिनकुलपाच्या बाजूची होती. चोर कुलूप तोडून मजेत खेळतो आणि पैसे मोजणारा मात्र दाराबाहेर उभा, असं ती म्हणे. शिवाय उद्या कंपनी बंद पडली, तपासणी करणारं कुणी उरलं नाही, तर लोकांनी घेतलेले गेम कायमचे मिटणार.

तिने सगळ्यांना घरी जेवायला बोलावलं. तिचा हिशेब सरळ होता. कुलपाने पोळलेला माणूस घरातच आहे, तो आपली बाजू घेईल. मामांनी स्वयंपाक केला, वाढला, सगळ्यांचं बोलणं ऐकून घेतलं, आणि ताईंनी त्यांचं मत विचारल्यावर म्हणाले, "कुलूप घाला. चांगलं दणकट घाला."

लेकीचा घास हातातच राहिला. बाबा, जहाजावरचं विसरलात का, असं तिने विचारलं. मामा म्हणाले की काही विसरलो नाही. ताईंनी मग हसत विचारलं, की उद्या आमचाच गेम तुमच्या जहाजावर अर्ध्यात बंद पडला तर काय कराल?

"शिव्या घालीन," मामा म्हणाले. "पण तुमची कंपनी बुडून माझी लेक घरी बसली, तर त्याहून जास्त घालीन."

प्रोग्रॅमरने टाळी दिली. मामी कपडे शिवतात, पंचक्रोशीत त्यांच्या हातच्या कोटाला तोड नाही. भांडी उचलता उचलता त्या म्हणाल्या, "यांचं काय ऐकता? लेक सायकल शिकत होती तेव्हाही हे सायकल धरून गावभर पळत होते. तिला तर ती कधीचीच येत होती."

सगळे हसले. मामाही हसले, पण उशिरा. निर्णय त्या जेवणात झाला नाही. चार दिवस घासाघीस करून ताईंनी बिनकुलपाच्या बाजूने कौल दिला. गेम उघडला की पहिल्याच पानावर दोन ओळी येणार होत्या. आवडला तर आणखी एकाला सांगा. फुकट हाती लागला असेल, तर जमेल तेव्हा विकत घ्या. प्रोग्रॅमरला हे पटलं नव्हतं, पण ते पान सगळ्यांत सुबक त्यानेच केलं.

मामा पुन्हा जहाजावर आले ते गेम घेऊनच. लेक फुकट देत होती, पण तिच्याकडून न घेता त्यांनी विकत घेतला. सख्ख्या बापाने फुकट खेळल्यावर जगाला कुठल्या तोंडाने सांगणार, असा त्यांचा सवाल. आणि मग सुरू झाली गंमत. गेमला कुलूप नव्हतं, तर मामा स्वतःच कुलूप झाले. ज्या पेनड्राइव्हवर गेम होता तो त्यांनी पिठाच्या डब्यामागे लपवला. जेवणाच्या खोलीत बसून कितीही बघा, पण कॉपी मागायची नाही. मुकादमाने एकदा सहज विचारलं, तर दोन दिवस त्याच्या ताटात वरचं तूप पडलं नाही. कंपनीचं कुलूप बरं होतं, ते निदान नुसतं इंटरनेट मागत होतं, हे कुलूप सोसवेना, असं तो माझ्यापाशी कुरकुरला.

पण संध्याकाळी पडदा उजळला की सगळं माफ व्हायचं. लिफ्टवाला एकेक मजला चढत होता आणि आम्ही त्याच्याबरोबर चढत होतो. समुद्र खवळला की आम्ही एका हाताने टेबल धरायचो आणि दुसऱ्या हाताने पडद्याकडे बोट दाखवून ओरडायचो, उजवीकडे, उजवीकडे. सातव्या मजल्यावरच्या भांडकुदळ जुळ्या म्हाताऱ्यांनी तर आमची हसून हसून पुरेवाट केली. आणि अर्ध्यात एकदाही काही बंद पडलं नाही.

मधल्या एका बंदरावर आमच्याकडे नवा फिटर रुजू झाला. चाळिशीचा, बोलका माणूस. पहिल्याच जेवणाला पडद्यावर थांबवून ठेवलेला गेम बघून तो म्हणाला की हा गेम झकास आहे, मी घरी पुरा केलाय, एकाने फुकट दिला.

मुकादमाने त्याला टेबलाखालून लाथ मारली, ती मला लागली. मामा भाजी वाढायचा डाव हातात धरून तसेच उभे राहिले. मला वाटलं, आता हा डाव फिटरच्या डोक्यात जातो.

"आवडला?" मामांनी विचारलं.

फार आवडला, असं फिटर म्हणाला, आणि जुळ्या म्हाताऱ्यांचं भांडण सांगायला लागला. सांगता सांगता दोघींचे आवाजही काढायला लागला. मामांच्या मिशा आधी हलल्या, मग खांदे हलले. मग त्यांनी त्याला सांगितलं की त्या म्हाताऱ्या माझ्या लेकीने काढल्या आहेत.

फिटरचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पण त्याने सारवासारव केली नाही. पूर्वी तो भरपूर गेम विकत घेत असे. एका गेमवर त्याचा फार जीव होता, आणि ती कंपनी बंद पडली तसा तो गेमही उघडेनासा झाला. आपण पैसे देऊन काय विकत घेतलं तेच कळलं नाही, असं त्याला वाटलं. तेव्हापासून त्याने पैसे द्यायचं सोडलं होतं. पुढच्या बंदरावर तुमच्या लेकीचा घेईन, असं तो म्हणाला. मामांनी त्याला भाजी वाढली आणि वरून तूपही घातलं. त्याने पुढे गेम घेतला की नाही, हे मामांनी कधी विचारलं नाही. मी विचारलं होतं. घेतला होता, आणि बायकोच्या भावालाही घ्यायला लावला होता.

तरी मामांच्या मनातला घोर जाईना. एक फिटर भेटला, असे न भेटलेले किती असतील? पोळ्या करपायला लागल्या, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. मग एके दुपारी कप्तानांनी त्यांना वर बोलावलं. उपग्रहावरून लेकीचं पत्र आलं होतं, नेहमीच्या चार ओळींहून बरंच लांब. मामांना चष्मा सापडेना, म्हणून कप्तानांनीच वाचून दाखवलं. गेम पहिल्याच दिवशी जिकडेतिकडे फुकट फिरायला लागला होता. प्रोग्रॅमर त्या दिवशी जेवला नव्हता. पण विकतही जात राहिला, हळू पण न थांबता, आणि कितीतरी लोकांनी लिहून कळवलं की आधी फुकट खेळलो, आता पैसे भरले. कुलूप घातलं असतं तर जास्त खपला असता, असं प्रोग्रॅमर अजून म्हणतो. कदाचित खरंही असेल, ते आता कुणालाच कळणार नाही. पण कंपनी टिकली आहे, सगळ्यांचे पगार चालू आहेत, आणि पुढचा गेमही बिनकुलपाचाच काढायचा ठरलाय.

मामा जिना उतरून आले ते थेट स्वयंपाकघरात गेले आणि त्यांनी सगळ्या जहाजासाठी गोड करायला घेतलं. का, कशासाठी, हे कुणाला सांगायची गरजच पडली नाही. ते मोठ्याने गात होते, आणि मामांना गाता येत नाही.

पत्रात शेवटी एक मागणी होती. नवा गेम एका जहाजाच्या स्वयंपाकघरात घडणार होता, आणि लेकीला तिथले खरे आवाज हवे होते. दुसऱ्या दिवशी दुपारी मी माझा फोन फळीवर नीट टेकवून ठेवला आणि आम्ही सगळे आत दाटीवाटीने उभे राहिलो. मामांनी झाकणं आपटली, फोडणी दिली, भांडी घसरू नयेत म्हणून शेगडीला असतो त्या कठड्यावर डाव फिरवला. फिटरने ताटांची चळत जमिनीवर सोडली. मुकादमाला फक्त खोकायचं होतं, पण तो इतक्या जोरात खोकला की पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं. एवढ्यात दारात कुणीतरी घसा खाकरला. कप्तान उभे होते, टोपी काखेत धरून.

"मामा," ते म्हणाले, "एक झाकण इकडे द्या बघू."