वरातीच्या पुढची एस्तेबेसची गाडी

आमच्या उझगेन गावात एस्तेबेस तोंडाने कमी आणि हॉर्नने जास्त बोलतो. दारावरून जाताना एकदा लांबलचक वाजवला की मी समजायचं, एजे, चहा टाका! आमच्याकडे ताईला एजे म्हणतात आणि दादाला बाइके. उभी हयात ओश शहराच्या रस्त्यावर टॅक्सी हाकली बिचाऱ्याने. मग घरोघरी नव्या चकचकीत गाड्या आल्या आणि वरातीच्या पुढे याचं खटारं कुणी लावीना. तक्रार नाही केली, पण मनाला लागलं होतं त्याच्या.

म्हणून शेजारच्या अक्मारल पोरीने आपल्या लग्नात हट्टच धरला, "पुढे एस्तेबेस बाइकेंचीच गाडी!"

नवरी मागच्या सीटवर बसली, पाठीमागे गाड्यांची रांग लागली. एस्तेबेसने हॉर्न दाबला. आवाजच नाही! आता मुकी वरात म्हणजे काय मयताला निघालोय?

नवऱ्याचा मामा ओरोझाली लगेच पुढे. "बाइके, ही म्हातारी गाडी बाजूला घ्या. माझ्या गाडीला तीन हॉर्न आहेत."

"तुझं एक तोंडच आम्हाला पुष्कळ आहे," मी म्हटलं. "थांब जरा."

एस्तेबेसने बॉनेट उघडलं. फ्यूज उजेडात धरून बघितला, तार शाबूत.

"बॅटरी मेली असणार!" ओरोझाली.

"मग दिवे काय तुझ्या कर्तबगारीवर लागलेत?" मी विचारलं.

"एजे, आत जाऊन दाबा," एस्तेबेस म्हणाला. मी दाबलं. हॉर्नला वीज सोडणाऱ्या रिलेने टक् केलं. म्हणजे स्टीअरिंगचं बटण ठीक, रिलेही ठीक. मग त्याने जाळीमागे हॉर्नपाशी हात घातला आणि कानापर्यंत लाल झाला.

आदल्या संध्याकाळी गाडी सजवताना रिबिनीचं टोक बांधायला जागा सापडेना, म्हणून पठ्ठ्याने हॉर्नचाच बोल्ट सैल केला, त्याला रिबीन गुंडाळली आणि पुन्हा आवळला. लोखंडाला लोखंड टेकेना, हॉर्नला अर्थिंग मिळेना.

"नटवायच्या नादात गळाच आवळलास की रे तिचा!" मी म्हटलं. ओरोझालीसुद्धा हसला. चाकू त्यानेच दिला. एस्तेबेसने रिबीन ओढून काढली, गंज खरवडला, बोल्ट कसला.

तो गाडीत बसतोय तोवर अक्मारलनेच ओढणी सावरत मागून हात लांबवला आणि दाबला. काय तो आवाज! मागच्या सगळ्या गाड्या एकदम कोकलायला लागल्या.

बाजारात नान विकणारी गुलसून रस्त्यातच आडवी आली. "बाइके, शरदात माझ्या लेकीचं लग्न! पुढे तुम्हीच हां!"

त्या गोंगाटात त्याला काय ऐकू जातंय! मीच नवरीशेजारच्या खिडकीतून मान बाहेर काढून ओरडले, "येतो म्हणतोय गं!"