सामत्याची दोरी

नवरा आपल्याशी पहिल्यांदा काय बोलला, हे विचारलं की रंभा अजून हसते. बोलला कसला, एकच शब्द. "ओढ."

लग्नाला पंधरा दिवस झाले होते. तोवर धाऊनं मान वर करून तिच्याकडं बघितलंही नव्हतं. किन्हवलीकडची माणसं ही. बैलाशी तासभर बोलतील, नव्या बायकोशी बोलायला मात्र त्यांना मुहूर्त लागतो. धाऊ भातशेतीवाला, पण हात सुताराचा. घरातली दारं, पाट, खाटा, सगळं ओटीवर बसून स्वतःच करायचा. त्या दिवशी त्यानं भोकं पाडायला सामता काढला. सामता म्हणजे टोकाला लोखंड बसवलेला लाकडी दांडा. एकानं वर करवंटी ठेवून तो दाबून धरायचा, आणि दांड्याला गुंडाळलेली दोरी दुसऱ्यानं समोर बसून दोन्ही हातांनी आलटून पालटून ओढायची, ताक घुसळतात तशी. करवत एकट्याची, रंधा एकट्याचा, सामत्याला मात्र दोघं लागतात. रोज दोरी ओढणारा धाकटा भाऊ तानशाला पाहुणा गेला होता. म्हणून धाऊनं दोरीची टोकं नवरीपुढं टाकली आणि म्हणाला, "ओढ."

रंभानं जीव खाऊन ओढली. लगेच दुसरा शब्द आला. "हळू."

संसार तिथून सुरू झाला म्हणायचा.

पुढं चोवीस वर्षं दोरी रंभाकडंच राहिली. अर्ध्या गावाच्या दारांना तिच्या ओढीची भोकं आहेत. धाऊ एरवी मुका, पण सामता फिरायला लागला की त्याचं तोंड सुटायचं. कुणाची म्हैस व्याली, म्हसा गावच्या जत्रेत बैल किती देखणे आले, पोरीला कुठं द्यायची, सगळं त्या दोरीवर ठरलं. सासूबाई आतून म्हणायच्या, "भोक पाडतंव का गजाली करतंव रे?"

मग अक्षदा, त्यांची लेक, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. दोन हजार चार-पाचचं साल असेल. धाऊनं सागाचा पाळणा करायला घेतला. वीस दांड्या, म्हणजे खाली-वर मिळून चाळीस भोकं. रंभाचा उजवा खांदा त्या वर्षी धरला होता. वेणी घालायलाही हात वर जाईना. पण ती कुणाला बोलली नाही. बसली समोर आणि डाव्या हातावर जोर देऊन ओढू लागली.

दोन भोकं झाली. धाऊनं वाकून बघितलं. दोन्ही तिरकी.

"खांदा कधीपासून दुखतंय?"

"कुणाचा? माझा नाय दुखत."

"भोक सांगतंय," धाऊ म्हणाला आणि त्यानं दोरी गुंडाळून ठेवली. "उद्या शहापूरला जाऊ. मशीन बघू."

 भोकं मशीन पाडायला लागलं, तर ओटीवर धाऊच्या समोर रंभा बसणार कशाला? चोवीस वर्षांची जागा, आणि सवत येणार ती विजेवर चालणारी.

त्यात मुलगा दीपेश, आसनगावला कंपनीत कामाला, तो म्हणाला, "बाबा, मशीनच घ्यायचं तर रंध्याचं घ्या. खरी मेहनत रंध्याला लागते."

"अगदी बरोबर बोलला," रंभा झटकन म्हणाली. रंध्याचं मशीन आलं तर धाऊचे कष्ट वाचणार होते, आणि दोरी तिची तिच्याकडं राहणार होती.

शहापूरच्या दुकानात दुकानदारानं दोन्ही मांडली, रंध्याचं आणि ड्रिलचं. धाऊनं पिशवीतून ऐनाच्या लाकडाचा ठोकळा काढला. ऐन म्हणजे लोखंडाचा भाऊ. दुकानदारानं मोठं ड्रिल लावलं. कुणी शिंकेपर्यंत भोक आरपार.

"एकट्याचं काम हाय काका," दुकानदार खुशीत म्हणाला. "दुसरा माणूस लागतच नाय."

रंभा उठून दाराशी गेली. "रंध्याचं घ्या अवं. हे लई वराडतं. गाय बुजंल."

"इकडं ये गो," धाऊ म्हणाला. त्यानं मोठं ड्रिल तिच्या हातात दिलं. तिचा खांदा खाली गेला. त्यानं ते काढून घेतलं आणि फळीवरचं दुसरं, लहान दाखवायला सांगितलं. ते तिच्या हातात दिलं. "आता बटन दाब. खांदा दुखतंय?"

"नाय."

"हेच द्या."

दुकानदार हसला. "काका, तुमच्या हाताला हे खेळणं हाय. मोठं न्या, जन्मभर चालंल."

"माझ्या हाताला कोण घेतंय?" धाऊ म्हणाला.

गाडीत रंभा खिडकीपाशी बसली, खोकं मांडीवर घेऊन.  धाऊनं खोकं धरायला मागितलं, तर दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ओटीवर जागा तीच, कामं मात्र बदलली. धाऊनं दोन्ही हातांनी लाकूड धरलं, समोर रंभा ड्रिल घेऊन. पहिल्या भोकाला तिनं डोळेच मिटले. "डोळं उघड, माझी बोटं हायत तिथं!" धाऊ ओरडला. पंधराव्या भोकापर्यंत ती सरावली. तिसावं झालं आणि लाइट गेली. लोडशेडिंग.

"झालं!" दीपेश आतून हसला. "काढा आता सामता."

"नाय काढायचा," धाऊ म्हणाला. "लाइट येईतोवर बसू."

मग बसले दोघं समोरासमोर, मध्ये मुकं मशीन. खर्डीच्या पाहुण्यांचं काय झालं इथपासून बाळाला नाव काय ठेवायचं इथपर्यंत बोलणं झालं.

"त्या दोन तिरक्या भोकांचं काय?" रंभानं विचारलं. "पोरीची सासू हसंल."

"हसू दे. त्यातपण दांड्या बसवतंय."

लाइट आली. धाऊनं लाकूड घट्ट धरलं आणि जुन्या सवयीनं म्हणाला, "ओढ."

"काय ओढू? तुमची मिशी?"

धाऊ असा हसला की हातातलं लाकूड हलायला लागलं.

"हळू," रंभा म्हणाली, आणि तिनं बटण दाबलं.