दिवाबत्तीचा कर

जिल्हा परिषदा नव्यानं आल्या होत्या, तेव्हा मी दारव्ह्याजवळच्या एका गावात ग्रामपंचायतीचा सेक्रेटरी होतो. वय बावीस. घरपट्टी आणि दिवाबत्तीचा कर गोळा करायचा, पावत्या फाडायच्या आणि ग्रामसभेत वर्षाचा जमाखर्च वाचून दाखवायचा, हे माझं काम. वाचन मी भराभर उरकायचो. ऐकायला सात-आठ जण असत, त्यातले निम्मे कापसाच्या भावावर बोलत.

दुसऱ्या वर्षी शाळेच्या पटांगणात चार बाया येऊन बसल्या. बौद्ध वस्तीतल्या. बायांनी ग्रामसभेला यायची रीत नव्हती, त्यामुळे कोतवालानं माझ्याकडे पाहिलं आणि मी सरपंचांकडे. सर्वांत पुढे बसली होती ती पन्नाशीची, दुसऱ्यांच्या शेतात तण काढायला, निंदणाला जाणारी बाई. नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली होती. वस्तीतले तिला माय म्हणत; पुढे मीही म्हणू लागलो.

मी वाचलं, "दिवाबत्ती, सात दिवे, रॉकेल व वाती..." आणि पुढच्या ओळीवर गेलो.

"थांब सेक्रेटरी," ती म्हणाली. "एवढी घाई काहून करून राह्यला? सात दिवे कोठं कोठं हायत?"

मी वहीचं पान मागं-पुढं उलटलं. खरं म्हणजे मी मागल्या वर्षाचा कागद उतरवून काढला होता.

"आमच्या वस्तीतून कर नेता ना? पावत्या हायत माह्यापाशी. मंग आमच्याकडं दिवा काहून नाही?"

सरपंच भला माणूस. म्हणाले, "बाई, पुढच्या साली पाहू."

"पुढच्या सालचं पुढं. आज मोजून पाहू, चाला."

ती उठलीच. तिच्यामागे तिच्या बाया, मग कोतवाल, मग ते कापसाच्या भावावाले, आणि शेवटी वही काखेत घेऊन मी. भर दुपारी सगळी ग्रामसभा गावातून चालू लागली. लोक ओसरीवरून विचारायचे, "काय झालं?" आणि चपला घालून सामील व्हायचे. माय एकेका खांबापाशी थांबून मोठ्यानं आकडा म्हणायची. बाजाराच्या रस्त्यावर तीन, मारुतीपाशी एक, चावडीपुढे एक, विहिरीवर एक. सहा झाले. सातवा सापडेना.

रोज संध्याकाळी पंचायतीचे दिवे लावणारा म्हातारा खाली मान घालून उभा होता. शेवटी तो हळूच म्हणाला, "सातवा सरपंचाच्या गोठ्यावर हाय."

सरपंच आधी लालबुंद झाले. "माह्या गोठ्यावरचा? तो पंचायतीचा हाय?" त्यांना खरंच ठाऊक नव्हतं, त्यांचे वडील असल्यापासून तो तिथंच लटकत होता. ते तडक गोठ्याकडे गेले, कंदील उतरवला आणि धोतराच्या सोग्यानं काच पुसत मायपुढे धरला. "घे बाई. आजच घेऊन जा."

मला वाटलं, संपलं. पण तिनं हात पुढे केला नाही.

"तुमी देसान तर उद्या दुसरा कोणी घेऊन जाईन," ती शांतपणे म्हणाली. "मले दिवा नोका देऊ. ठराव करा. सेक्रेटरी, लिव."

मी गोठ्याच्या दाराशीच, गव्हाणीवर वही टेकवून सातवा दिवा वस्तीत लावण्याचा ठराव लिहिला. सूचक म्हणून तिचं नाव घातलं आणि सवयीनं अंगठ्यासाठी शाईचा पॅड काढला. तिनं तो बाजूला सारला. लेकीकडून नाव लिहायला शिकली होती. एकेक अक्षर कोरताना तिचे ओठ हलत होते. गाव उन्हात उभं राहून वाट पाहत होतं. अनुमोदन सरपंचांनी स्वतः दिलं.

दिवाळीआधी वस्तीत खांब उभा राहिला. खड्डा खणायला सरपंचांचा गडी आला होता आणि मायनं त्याला चहा पाजला.

तिसऱ्या वर्षी मी तयारीनं बसलो. प्रत्येक दिव्याची जागा पाठ, रॉकेलच्या पावत्या ओळीनं लावलेल्या. पटांगणात या वेळी पंधरा-वीस बाया होत्या. मायनं दिवाबत्तीचं सगळं वाचन मन लावून ऐकलं, समाधानानं मान डोलावली आणि म्हणाली, "आता कोंडवाड्याचं सांग. मोकाट ढोरांचा दंड घेता, अन् तिथं पाण्याचं टाकं काहून नाही?"

सरपंच हसत उठले आणि पायात चपला घालू लागले.