गलाईतात्यांनी दाखवलेला पिक्चर

गलाईतात्या बसून झोपत. पलूसला आमच्या शेजारच्या घराच्या सोप्यात, पाठीशी दोन उशा आणि घडी घातलेली सतरंजी ठेवून. आडवं झालं की त्यांचा श्वास अडके. "घोडं हुबं ऱ्हाऊन झोपतंय, मी निदान बसतूय तरी," असं ते विचारणाऱ्याला सांगत. पुढे विचारणारे कमी झाले.

आमच्या भागातली माणसं सोनं गाळायला देशभर जातात. जुने दागिने, सराफाच्या दुकानातली झाडलोट भट्टीवर वितळवायची, तेजाबात, म्हणजे ॲसिडात टाकायची आणि त्यातून शुद्ध सोनं वेगळं करायचं, या कामाला गलाई म्हणतात. तात्या सतराव्या वर्षी कलकत्त्याला गेले आणि साठीला परत आले. मधली सगळी वर्षं एका खोलीत गेली. खोलीला एक खिडकी होती. ती बंद ठेवत, कारण तेजाबाचा पिवळा धूर बाहेर गेला की शेजारी भांडायला येत. "भांडन नको म्हून आमीच पीत हुतो त्यो धूर," तात्या म्हणत. पलूसला आल्यावर ते घरातली एकही खिडकी लावू देत नसत. पाऊस आत आला तरी पोतं टाकायला सांगत.

धाकट्या भावाची द्राक्षबाग, दोन बहिणींची लग्नं, दुमजली घर, हे सगळं त्या खोलीतून आलं होतं. घरात हे कोणी नाकारत नसे आणि कोणी बोलूनही दाखवत नसे. तात्यांची बायको लग्नानंतर चौथ्या वर्षी वारली. मूल नव्हतं. भावाचा मुलगा अमोल त्यांच्या पाठीला तेल लावी, औषधांच्या वेळा बघे. बाकीच्यांना कामं होती.

तात्यांची शाळा सहावीत सुटली होती, पण बंगाली ते अस्खलित बोलत. ही भाषा त्यांना एका सिनेमाने शिकवली. त्याची मूळ कादंबरी आधी साप्ताहिकात येत होती, बंगालात घरोघरी वाचली गेली होती, मग तिच्यावर काळापांढरा सिनेमा निघाला. तात्या गेले तेव्हा तो जुना झाला होता, पण त्यांच्या खोलीजवळच्या थिएटरात दरवर्षी पुन्हा लागे. त्यांनी तो किती वेळा पाहिला हे त्यांनाही आठवत नव्हतं. ते त्याला 'थोरल्याचा पिक्चर' म्हणत. एका गरीब मास्तरांचा थोरला मुलगा शहरात छापखान्याचे खिळे ओततो, शिशाच्या धुरात राहतो, घर वर आणतो आणि आजारी पडतो. घरी यायला निघतो तेव्हा त्याच्या खोलीत धाकट्याचा संसार लागलेला असतो. गल्लीतल्या बायकांना तात्या ही गोष्ट सांगत. शेवट विचारला की म्हणत, "घरला येतोय की. न यायला काय झालं?"

तात्यांचं कलकत्त्याचं गलाईचं दुकान त्यांच्या मागेही चालू होतं; दोन वर्षांपूर्वी तिथला कारागीर काम सोडून गेला. घरचं माणूस पाहिजे, म्हणून अमोलला पाठवायचं ठरलं. त्याच आठवड्यात तात्यांनी मला हाक मारली. मी तेव्हा सांगलीच्या एका दैनिकात होतो आणि सुट्टीला घरी येई.

"पत्रकार, जुनं पिक्चर तुमच्या इंटरनेटवर घावत्यात म्हनं."

"घावत्यात की. थोरल्याचा पाहिजे?"

"त्योच. घरच्या समद्यांना दावायचाय. अमोल जायच्या आदी."

"तात्या, सरळ सांगा की, पोराला पाठवू नका म्हणून."

ते बराच वेळ श्वास जमवत राहिले. "दुकान म्याच घातलं. ह्या घराचं छप्पर त्याच धुराचं. आता कुठल्या तोंडानं न्हाई म्हनू? पिक्चर बगू द्या. त्यांचं त्यांना कळंल."

रविवारी दुपारी सगळे टीव्हीपुढे बसले. उजेड येतो म्हणून खिडक्या लावल्या, तात्यांनी त्या लावू दिल्या. तात्यांचे भाऊ, भावजय, अमोल, शेजारच्या चार बायका आणि मी. सिनेमाच्या खाली इंग्रजी अक्षरं पळत होती. ती वाचण्यात कोणाला रस दिसत नव्हता. तात्या प्रत्येक वाक्य आमच्या बोलीत सांगत होते, खोकला आला की हात वर करून थांबत होते.

भाऊ पहिल्या अर्ध्या तासात दोनदा बाहेर जाऊन आले. तिसऱ्यांदा उठले नाहीत. थोरला खिळ्यांच्या भट्टीपुढे खोकतो, त्या प्रसंगात तात्यांनी काही सांगितलं नाही. तेवढा वेळ खोलीत दोन खोकले ऐकू येत होते. भावजयीने पदर तोंडाला लावला. माझ्या अंदाजाने तात्यांना जे हवं होतं, ते त्या वेळी होत आलं होतं.

शेवटच्या प्रसंगात आई ताट वाढून बसली आहे. पोस्टमन तार घेऊन येतो. धाकटा वाचतो. भावजयीला राहवलं नाही. ती तात्यांकडे वळून म्हणाली, "आवं तात्या, काय लिवलंय? येतोय न्हवं त्यो?" ती रडत होती.

तात्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग पडद्याकडे.

"येतोय," ते म्हणाले. "उद्याच्या गाडीनं."

तारेत तो आदल्या दिवशी वारल्याचं लिहिलं होतं. मी ते खालच्या अक्षरांत वाचलं आणि गप्प बसलो. बायकांनी डोळे पुसले. भाऊ म्हणाले, "चांगला हाय पिक्चर. जुन्या लोकांचं काम येगळंच." कोणीतरी चहा ठेवायला उठलं. आठ दिवसांनी अमोल कलकत्त्याला गेला. जाताना तात्यांनी त्याला एवढंच सांगितलं, "खिडकी उगडी ठेव. भांडनं हुंद्यात."

नंतर मी तात्यांना एकदाच विचारलं. ते म्हणाले, "ती रडाय लागली रं. आयुष्यभर घरला समदं ब्येस हाय म्हूनच कळवलं. तेच तोंडात आलं."

पुढच्या पावसाळ्यात मिरजेच्या एका दवाखान्यात ते वारले. मृत्यूच्या दाखल्यासाठी डॉक्टरांनी व्यवसाय विचारला, भावाने 'शेती' असं सांगितलं. मी शेजारी उभा होतो.

अमोलला यायला दोन दिवस लागले, तोवर सगळं उरकलं होतं. दहाव्याला नदीवरून परत येताना मी त्याला सिनेमाचा खरा शेवट सांगितला. सांगणं राहून गेलं होतं, असंही म्हणालो.

"ठाव हाय," तो म्हणाला. "खाली इंग्रजीत येत हुतं. मी बीकॉम झालोय."

"मग का गेलास?"

"तात्या समद्यांम्होरं 'येतोय' म्हनले. तितं मी उठून त्यांना खोटं पाडू? आन मी न्हाई गेलो, तर माझ्या धाकट्या भावाला धाडलं असतं. त्यो अकरावीला हाय."

चालता चालता तो म्हणाला, "खिडकी उगडतो म्या. पन शेजारी लय भांडत्यात."

तेराव्यानंतर तो परत गेला. आता तो घरी फोन करतो तेव्हा त्याची आई स्पीकर चालू ठेवते. मी गेलो असलो की मलाही ऐकू येतं. तो सांगतो, हितं समदं ब्येस हाय.