खड्यांचं ऑपरेशन

आमच्या घरात खोटं रचायला मीच हुशार. शाळेत पोरांचं खोटं एका नजरेत पकडते, म्हणून असेल. धाकट्या बहिणीनं वजन कमी करायचं ऑपरेशन करायचं ठरवलं, तेव्हा सासूबाईंना काय सांगायचं हे तिनं मलाच विचारलं. पस्तिशीतच शुगर, गुडघे गेलेले, चार पायऱ्या चढली की धाप. पण सासूबाईंचं एकच, "रानात राबली की आपोआप रोड हुतीय. त्याला पोट कशाला फाडाया लागतंय?" मी म्हटलं, पित्ताच्या खड्यांचं सांगू. खड्यांना कुणी नावं ठेवत नाही. मेहुण्यांनी मान डोलावली. आईपुढं तोंड उघडायची त्यांची कधीच छाती नव्हती.

पुण्याला ऑपरेशन झालं. पोटावर चार-पाच बारीक भोकं, खड्यांच्या ऑपरेशनला पडतात तशीच. विश्रांतीला म्हणून ती माझ्याकडे राहात्याला आली. पहिला महिना बरा गेला, मग उलट्या सुरू झाल्या. पेज टिकेना, मऊ भात टिकेना, घोटभर ताकही टिकेना. पुण्याला फोन लावला की तिथली मुलगी म्हणायची, "हळूहळू प्यायला सांगा, पुढच्या तपासणीला या." डॉक्टर काही फोनवर आले नाहीत. तीन आठवडे मी त्या मुलीच्या गोड आवाजावर काढले. कुणीतरी माझ्या थोबाडीत द्यायला हवी होती तेव्हा.

शेवटी गल्लीतल्या डॉक्टरांकडे नेलं. माणूस मायाळू, आमच्या घरातल्या सगळ्यांची दुखणी त्यांनीच काढलेली. नेमक्या त्याच दिवशी सासूबाई पेरूंची पिशवी घेऊन सुनेला बघायला आल्या होत्या, त्याही दवाखान्यात आल्या. "ऑपरेशन कसलं झालंय?" डॉक्टरांनी विचारलं. बहिणीनं माझ्याकडे पाहिलं. सासूबाई शेजारीच बाकावर बसलेल्या. मी पटकन म्हणाले, "पित्ताच्या खड्यांचं."

डॉक्टर म्हणाले, पित्त खवळलंय, सलाईन लावू. आमच्याकडे जरा अंग मोडून आलं तरी माणूस स्वतःच म्हणतो, डॉक्टर, एक बाटली लावा, तरतरी येईल. त्यांनी ग्लुकोजची बाटली लावली. दुसऱ्या दिवशी तिला एकाच्या दोन वस्तू दिसायला लागल्या. मीच म्हटलं, "अशक्तपणा आहे हो, अजून एक लावा." तिसऱ्या दिवशी सासूबाई गावी गेल्या होत्या. खोलीत डॉक्टर, ती आणि मी. सांगायचं होतं, अगदी ओठावर आलं होतं. पण डॉक्टरांची नि मेहुण्यांच्या इथल्याच चुलत्यांची रोजची बैठक, बातमी संध्याकाळच्या आत तिच्या सासरी पोचली असती. म्हटलं, उभी राहू दे पोरगी, मग सांगू. आणि तिसरी बाटली लावून घेतली.

चौथ्या दिवशी ती न्हाणीकडे जाताना लटपटून पडली. उठवायला गेले तर म्हणाली, "ताई, आई कुठं गेली?" आई जाऊन सहा वर्षं झालीत. मी मेहुण्यांना फोन करून गाडी घेऊन बोलावलं.

नगरच्या मोठ्या डॉक्टरांना मी सगळं खरं सांगितलं, घडाघडा. ते म्हणाले, "असल्या ऑपरेशनचा मला अनुभव नाही. जिथं केलं तिथं न्या." दुसऱ्यांनी कागद चाळून तेच सांगितलं. खोटं बोलले तेव्हा लगेच बाटली लागली, आणि आता खरं बोलतेय तर कुणी हात लावायला तयार नाही! पुण्यात जिथं ऑपरेशन झालं होतं तिथले डॉक्टर नोकरी सोडून गेलेले. नवे म्हणाले, पोट उत्तम आहे, बाकीचं दुसरीकडे दाखवा. मेहुणे गाडी चालवत होते, ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती, आणि ज्याला यातलं कळतं असा एक माणूस मला कुठंच मिळत नव्हता.

मिळाली. पुण्यातच, दुसऱ्या एका दवाखान्यात, माझ्याहून वयानं लहान डॉक्टर. तिनं दोनच गोष्टी विचारल्या, उलट्या किती दिवस आणि सलाईन कसलं. मी ग्लुकोज म्हणताच तिनं नर्सला हाक मारून तिथल्या तिथं इंजेक्शन द्यायला लावलं. मग मला समजावून सांगितलं. या ऑपरेशननंतर उलट्या लागल्या की अंगातलं एक जीवनसत्त्व संपत येतं. ते आधी द्यायचं, साखर नंतर. आधी साखर गेली तर उरलंसुरलंही तिच्यातच खर्ची पडतं आणि मेंदूला इजा होते. "तुमच्या डॉक्टरांना ऑपरेशनचं कुणी सांगितलं नव्हतं का?" तिनं विचारलं.

ते इंजेक्शन राहात्यात मिळतं. मी मुद्दाम मेडिकलमध्ये जाऊन विचारलं. दुकानदारानं मागच्या खणातून लगेच काढून दिलं.

सासूबाईंना पुढं सगळं कळलं. मला वाटलं, शिव्या घालतील. त्या पदर तोंडाला लावून एवढंच म्हणाल्या, "मला सांगायचं हुतं गं बाई. मी काय खाल्ली असती का तिला?"

बहीण अजून माझ्याकडेच आहे. नजर सुधारली. काठी धरून चालते. पण नवं काही तिच्या डोक्यात राहत नाही, आणि ऑपरेशन तर ती पार विसरलीय. जुने ब्लाऊज अंगावर लोंबतात, तर शिंप्याच्या नावानं खडे फोडते. रोज सकाळी मी चहा घेऊन गेले की ती आधी दाराकडे बघते, मग माझा हात धरून मला जवळ ओढते. हळूच विचारते, "ताई, पुण्याला कधी जायचं गं? आणि सासूबाईंना खड्यांचंच सांगायचं हां. तू विसरशील बघ."